सतरा बोळे

मी बसव्या बोलतोय. तेरा वर्षं नोकरी केली आणि तेरा वर्षांत एकदाही नापास झालो नाही. जेव्हा जेव्हा मला कामाला लावलं, तेव्हा तेव्हा शेवटी पडद्यावर हिरव्यागार अक्षरांत उमटलं, ‘सगळं नीट बसलं!’ असा दुसरा कोणी दाखवा, मी त्याच्या पाया पडेन.

आता खरं सांगून टाकतो, नाहीतर ताई सांगेलच. ती हिरवी ओळ माझ्या अंगावर आधीपासूनच लिहिलेली होती. अगदी तळाला. काम झालं तरी मी ती म्हणायचो, काम बोंबललं तरी म्हणायचो. संगणकाला आग लागली असती, तरी धुरातून शेवटचा आवाज माझाच आला असता, ‘सगळं नीट बसलं!’

मी एक स्क्रिप्ट आहे. घाबरू नका, चावत नाही. घरातली बाई बाजाराला जाणाऱ्या नवऱ्याच्या हातात यादी देते ना, आधी हे कर, मग ते आण, येताना तिकडे डोकावून ये, तशी मी संगणकाच्या हातात दिलेली यादी. तो वरून खाली वाचत जातो आणि सांगितलेलं करत जातो. फरक एवढाच, की संगणक वाटेत मित्राशी गप्पा मारत उभा राहत नाही. माझं शिक्षण विचाराल, तर सदतीस ओळी. त्यातल्या चार रिकाम्या.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. साधा छापखाना नव्हे. इथे शाई नाही. इथे कागदावर ठिपके उठवतात, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनी बोटांनी वाचावेत म्हणून. खोलीच्या मधोमध ठिपके ठोकणारं यंत्र आहे. ते चालू झालं की शेजारच्या टेबलावरचा ग्लास सरकत सरकत कडेला येतो. त्याला सगळे ‘आदळआपट’ म्हणतात. फार कष्टाळू बाई आहे, पण घरात हळू बोलणं तिला माहीत नाही.

मला लिहिलं फोरमनकाकांनी. काकांचं सगळं आयुष्य पाना, स्क्रू आणि ग्रीसमध्ये गेलेलं. बावन्नाव्या वर्षी भाच्याच्या वहीतून उतरवून उतरवून संगणक शिकले. दोन तर्जन्यांनी टाइप करायचे, चष्मा कपाळावर ठेवून टेबलावर शोधायचे, आणि एखादी कमांड चालली की खुर्चीसकट गोल फिरायचे. नऊ दिवसांत त्यांनी मला जन्म दिला. एवढं वजन उचललेल्या माणसाने एवढी बारीक गोष्ट घडवावी, याचं मला आजही कौतुक वाटतं. सॉफ्टवेअर बसवतो म्हणून नाव ठेवलं बसव्या. भाचा म्हणाला, जरा बरं नाव ठेवा. काका म्हणाले, “माझं पोर, माझं नाव.”

काम सोपं होतं. आपली अक्षरं ठिपक्यांत कशी बदलायची, याचं सगळं ज्ञान एका पॅकेजमध्ये होतं. पॅकेज म्हणजे गाठोडंच समजा. त्यात चौदा तक्ते. अक्षरांचा एक, आकड्यांचा एक, गणिताच्या चिन्हांचे तीन, असे. मी ते गाठोडं घेऊन ‘माळा’ नावाच्या फोल्डरमध्ये चढायचं, तिथे सोडायचं, तक्ते जागच्या जागी लावायचे, माळा झाडून रिकामा करायचा आणि ती हिरवी ओळ म्हणून मोकळं व्हायचं.

आता बोळ्यांची गोष्ट. संगणकाला एक सवय आहे. काही अडलं की तो कुरकुरतो. एक ओळ टाकतो, हे सापडलं नाही, ते उघडत नाही. वाईट हेतू नसतो, फक्त सांगून ठेवतो. पण त्या काळी इथे जुने साहेब होते. ते काकांच्या खुर्चीमागे हात बांधून उभे राहायचे आणि पडद्यावर कुरकुरीची एक ओळ दिसली की छातीला हात लावायचे. “फोरमन, हे काय आलं? बंद करा, बंद करा!”

काकांनी बंद केलं. भाच्याच्या वहीत एक युक्ती होती. ओळीच्या शेवटी अमुक चिन्हं टाकली, की त्या ओळीची कुरकुर पडद्यावर येतच नाही, एका बिनतळाच्या खड्ड्यात जाऊन पडते. काकांनी माझ्या सतरा ओळींच्या तोंडात असे सतरा बोळे कोंबले. साहेबांचा रक्तदाब उतरला, काकांना शाबासकी मिळाली आणि मी आयुष्यभरासाठी गोडबोल्या झालो.

काकांना दोष देऊ नका. त्या छापखान्याची रीतच ती. बांधणीवाल्याला विचारा, “झालं का?” “झालंच.” कागदवाल्याला विचारा, “आला का?” “आलाच.” अवघड बातमी वरच्याच्या कानावर घालायची नाही, हा तिथला अलिखित नियम. मी फक्त तो लिखित केला.

एकच माणूस या रीतीत बसत नव्हता. ताई. ताई इथे प्रूफं तपासते, बोटांनी. जन्मापासून तिला दिसत नाही. तिच्या टेबलावर कागद आला की ती पहिली ओळ वाचत नाही, आधी विचारते, “किती पानं आहेत?” मग गठ्ठा हातात घेऊन स्वतः मोजते. मग वाचते. तिला मी तेरा वर्षं चोरून पाहत आलोय. तिच्या बोटाखालून चूक निसटलेली मी पाहिली नाही, आणि चूक सापडल्यावर ती कोणावर ओरडलेलीही पाहिली नाही. फक्त तिथे नख टेकवते आणि म्हणते, “हे बघ बरं जरा.” समोरच्याला घाम फुटतो.

काका निवृत्त झाले. जुने साहेब गेले, त्यांच्या जागी मॅनेजरबाई आल्या. संगणकाचं सगळं बघायला एक सिस्टीमवाला आला. पस्तिशी उलटलेला, दोन पोरांचा बाप, स्वभावाने लाख माणूस. काहीही विचारा, उत्तर एकच, “होतंय.” त्यामुळे त्याचं नावही ‘होतंय’ पडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल.

तर एका बुधवारी जुना संगणक मेला. एकदाच हुंकारला आणि गेला. त्याच्याबरोबर माझा माळा गेला, सगळं गेलं. मी वाचलो, कारण काकांनी मला गाठोड्यासकट एका पेनड्राइव्हवर ठेवलं होतं. त्याच पेनड्राइव्हवर माझ्या शेजारी, भिंतीला भिंत लावून, दुसरी एक गोष्ट होती. शाळेच्या शेवटच्या परीक्षेची गणिताची प्रश्नपत्रिका. ताईने तीन आठवडे तपासून तयार केलेली. गुप्त, म्हणून तिची प्रत एकच. दुसरी होती, ती बुधवारी संगणकाबरोबर गेली.

परीक्षा सोमवारी. सहा शाळांतली मिळून एकेचाळीस मुलं. गाडी शुक्रवारी संध्याकाळी पाचला निघणार. एका मुलाची बारा पानं, अशा एकेचाळीस प्रती म्हणजे आदळआपटला पावणेतीन तास. म्हणजे शुक्रवारी दुपारी दोनच्या आत ती सुरू व्हायला हवी. नवा संगणक आला तोच शुक्रवारी सकाळी. आणि प्रश्नपत्रिकांच्या खोलीतल्या संगणकाला बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही, असा कडक नियम. इंटरनेट नाही, बाहेरचा तज्ज्ञ नाही. जे करायचं ते मीच.

साडेदहाला होतंयने मला नव्या संगणकावर त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये कॉपी केलं, गाठोडं शेजारी ठेवलं आणि चालवलं. मी भराभर उतरलो आणि ऐटीत म्हणालो, ‘सगळं नीट बसलं!’

“ताई, झालं बघा,” होतंय म्हणाला आणि नमुन्याचं एक पान आदळआपटवर सोडलं. धडाधड धडाधड. पान बाहेर आलं. ताईने बोट फिरवलं. एक ओळ, दोन ओळी. मग पूर्ण तळहात फिरवला.

“हे काय आहे रे?”

“नमुन्याचं पान आहे ताई.”

“मला वाटलं किसणी पाठवलीस. गाजर आण, किसून देते.”

खरंच किसणी होती. ज्या अक्षराचा तक्ता सापडत नाही, त्याच्या जागी यंत्र सहाच्या सहा ठिपके ठोकतं. पानभर सगळीकडे सहा ठिपके. म्हणजे माझ्या चौदांपैकी एकही तक्ता बसला नव्हता.

होतंयने काय करावं? जे सगळी माणसं करतात तेच. मला पुन्हा चालवलं. ही मला माणसांची एक गंमतच वाटते. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही, तर तेच बटण जोरात दाबतात. पण त्याला मी सापडेना. त्याच्या फोल्डरमध्ये मी नव्हतो, गाठोडंही नव्हतं. त्याने डोकं खाजवलं, मला पेनड्राइव्हवरून पुन्हा कॉपी केलं, चालवलं. ‘सगळं नीट बसलं!’ किसणी. पुन्हा मी गायब. तिसऱ्यांदा तेच. तोवर त्याने सकाळीच तिथे लिहून ठेवलेला रजेचा अर्जही त्या फोल्डरमधून नाहीसा झाला होता, पण ते त्याला दुपारी कळलं.

सव्वाअकराला मॅनेजरबाई आल्या. “कितपत आलं?”

“होतंय,” होतंय म्हणाला.

“नाही होत,” ताई म्हणाली.

खोलीत असं काही कोणी बोललेलं मी तेरा वर्षांत ऐकलं नव्हतं. मॅनेजरबाई जुन्या साहेबांसारख्या नाहीत, छातीला हात नाही लावला. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “हे बघा ताई, अगदीच नाही जमलं, तर नियमात सोय आहे. प्रत्येक मुलाशेजारी एक वाचक बसवता येतो. तो प्रश्न वाचून दाखवेल.”

ताईने समोरची किसणी जवळ ओढली. मग तिने सांगितलं, अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं.

“माझ्याशेजारी बसवल्या होत्या एक बाई. गणितालाच. स्वभावाने चांगल्या होत्या, मला गोळी पण दिली चघळायला. सगळे प्रश्न वाचले, शेवटी म्हणाल्या, झालं गं, सगळं वाचून झालं. मी खूश. वेळेआधी अर्धा तास पेपर दिला. निकाल लागल्यावर कळलं, मागच्या पानावर तीस गुणांचे प्रश्न होते. त्यांनी पान उलटलंच नव्हतं.” ताईने समोरची किसणी नीट चौकोनी घडी करून बाजूला ठेवली. “मला पुढे गणितच शिकायचं होतं. राहिलं ते राहिलं. पण या एकेचाळीस जणांना पान स्वतःच्या हाताने उलटू दे.”

मी त्या वेळी पेनड्राइव्हवर पडून होतो. मला कान नाहीत, पण असते तर खाली पाडले असते. कारण ‘झालं गं, सगळं झालं’ हे वाक्य कोणाचं आहे ते माझ्याइतकं कोणाला माहीत?

होतंय एकदम कामाला लागला. “ताई, मला कळलं. कॉपी केली की फाइल गायब होतेय, म्हणजे कॉपीतच गडबड आहे. आता कॉपीच करत नाही. सरळ पेनड्राइव्हवरूनच चालवतो.” त्याने बोट कळीवर नेलं.

“थांब,” ताई म्हणाली. “त्याच ड्राइव्हवर माझी प्रश्नपत्रिका आहे ना?”

“हो, पण तिला काही नाही होणार.”

“कशावरून?”

“शेवटी हिरवं येतं ना ताई, सगळं नीट बसलं म्हणून.”

“मला हिरवं दिसत नाही रे. तो बसव्या काय करतो, ते मला आधी पहिल्यापासून ऐकव. किती ओळी आहेत?”

“सदतीस.”

“मग सदतीसच्या सदतीस.”

ताईच्या संगणकात एक वाचणारा आवाज आहे. पडद्यावरचं सगळं तो घडाघडा म्हणतो, अर्थ कळो न कळो. त्याला सगळे पोपट म्हणतात. होतंयने मला उघडलं आणि पोपटाने मला वाचायला सुरुवात केली. तेरा वर्षांत मला पूर्ण असं कोणी वाचलंच नव्हतं. मी लाजेने चूर झालो. पोपट म्हणाला, सीडी माळा (म्हणजे माळ्यावर चढ), टू ग्रेटर दॅन स्लॅश डेव्ह स्लॅश नल. पुढची ओळ काहीतरी, टू ग्रेटर दॅन स्लॅश डेव्ह स्लॅश नल. त्यापुढची, टू ग्रेटर दॅन स्लॅश डेव्ह स्लॅश नल.

सहाव्या ओळीला ताईने हात वर केला. “हे पालुपद काय आहे? प्रत्येक कडव्याला तेच.”

होतंयने पडद्याकडे पाहिलं. गंमत बघा. तो रोज असल्या ओळी पाहतो, पण त्याचे डोळे ते शेपूट गाळून पुढे जात होते, आपण रस्त्यावरचे विजेचे खांब पाहत नाही तसे. ताईला गाळता येत नव्हतं. पोपट गाळू देत नाही.

“ते होय,” होतंय म्हणाला, “ते काही विशेष नाही. तक्रार आली तर दिसू नये म्हणून. सगळेच टाकतात.”

“सगळे म्हणजे?”

“म्हणजे मी पण टाकतो.”

“आणि तक्रार जाते कुठे?”

“कुठेच नाही. खड्ड्यात.”

“म्हणजे हा सकाळपासून तीनदा ओरडला असेल आणि आपण त्याच्या तोंडात बोळा कोंबून बसलोय?”

होतंयने ओशाळून पडद्यावरचं एक शेपूट बोटाने झाकलं. मला मात्र, काय सांगू, बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या बाजूने बोलणारी ही पहिली.

पुढे वाचता वाचता पोपट एकतिसाव्या ओळीवर आला. ही माझी झाडूची ओळ. “हे काय करतं?” ताईने विचारलं.

“साफसफाई. काम झाल्यावर तिथलं सगळं पुसून टाकतं.”

“तिथलं म्हणजे कुठलं?”

“हा जिथे उभा असेल तिथलं. माळ्यावर उभा असला तर माळा.”

“आणि माळ्यावर चढताच आलं नाही तर? तक्रार तर खड्ड्यात गेली. मग हा कुठे उभा असेल?”

होतंयचा चेहरा मी पाहिला. आधी तो लाल झाला, मग पांढरा. “जिथून चालवला तिथेच,” तो हळू म्हणाला. मग त्याने पेनड्राइव्हकडे पाहिलं आणि कळफलकावरचा हात असा झटकन उचलला, जसा गरम तव्यावरून उचलतात. आणखी एक टिचकी, आणि मी प्रश्नपत्रिका झाडून काढली असती. एकुलती एक. आणि वर म्हणालो असतो, सगळं नीट बसलं.

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, त्यातल्या बऱ्याच मजेच्या होत्या. ही मजेची नव्हती. ताईने पहिलं काम काय केलं असेल? प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवून घेतली, पोपटाकडून तिची बारा पानं मोजून घेतली, आणि मगच श्वास सोडला.

“आता काकांना फोन लाव,” ती म्हणाली.

काकांचा आवाज फोनमधूनही खोलीभर घुमतो. “माळा? माळा तर असतोच!”

“नव्या संगणकावर नाहीये काका.”

“असं कसं नाही? मी पहिल्याच दिवशी हाताने केला होता. मग बसव्याला लिहिलं. हे तर सगळ्यांना माहीत आहे.”

“कोणाकोणाला?”

घुमणारा आवाज एकदम बारीक झाला. “मला,” काका म्हणाले.

एवढंच होतं बघा. जुन्या संगणकावर माळा आधीच बांधलेला होता, म्हणून मी तेरा वर्षं दिमाखात चढत राहिलो. नव्यावर माळा नाही. मी चढायला गेलो, पाय हवेत. ‘माळा नाही’ म्हणून ओरडलो, बोळा. जिथे होतो तिथेच गाठोडं सोडलं. मग तक्ते शोधायला माळ्याकडे पाहिलं, तिथे कुठले तक्ते? पुन्हा ओरडलो, पुन्हा बोळा. शेवटी उभा होतो ती जागा झाडली, त्यात तक्ते गेले, गाठोडं गेलं, रजेचा अर्ज गेला, मी स्वतः गेलो. बिंग फुटायला मागे एक कपटासुद्धा ठेवला नाही.

आता दुरुस्ती. होतंय म्हणाला, “एक माळा करून टाकतो, झालं काम.”

“माळा कर. पण आधी बोळे काढ,” ताई म्हणाली. “सतरा आहेत, मी मोजलेत.”

“ताई, वेळ नाही. पाऊण वाजलाय.”

“म्हणूनच म्हणते. पुढे काय अडणार आहे ते त्याला सांगू दे. नाहीतर परत किसणी काढशील आणि परत खाजवत बसशील.”

होतंयने एक एक बोळा काढला. प्रत्येक काढला की पोपट ओळ वाचायचा आणि ताई मान हलवायची. मग तिने सांगितल्याप्रमाणे त्याने माझ्या डोक्यावर एक ओळ बसवली, की कुठेही अडलास तर तिथेच थांब, पुढे धावू नकोस. दुसरी ओळ, की माळा नसेल तर आधी बांध. आणि तळाशी तिसरी, की चौदातले किती बसले ते मोज. सदतीसच्या चाळीस ओळी झाल्या. लोकांना चाळिशी लागली की कमी दिसतं, मला चाळिशी लागली आणि पहिल्यांदा दिसायला लागलं.

“चालव,” ताई म्हणाली.

मी निघालो. माळा बांधला. चढलो. गाठोडं सोडलं. तक्ते उचलून लावायला गेलो आणि अडलो. सवयीने पुढे पळणार होतो, पण डोक्यावरच्या ओळीने मानगूट धरली. मी थांबलो. आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून खरं वाक्य बाहेर पडलं. पडद्यावर लाल ओळ आली. पोपटाने वाचली. इथे लिहायची परवानगी नाही.

होतंयने कपाळ धरलं. आणि ताईने काय केलं? टाळी वाजवली हो! एररला टाळी वाजवणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

“बोलला बाई एकदाचा!” ती म्हणाली. “परवानगी कोणाची लागते?”

लागायची मॅनेजरबाईंची. त्यांचा पासवर्ड टाकल्याशिवाय प्रोग्रॅमच्या जागेत कोणाला काही ठेवता येत नाही. जुन्या संगणकावर जुन्या साहेबांनी तो पहिल्याच दिवशी दिला होता, नव्यावर विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण मी कधी तक्रारच केली नव्हती. मॅनेजरबाई धावत आल्या, कळफलकावर वाकल्या आणि इकडेतिकडे पाहू लागल्या. होतंयने भिंतीकडे तोंड केलं.

“टाका बिनधास्त,” ताई म्हणाली, “मी बघत नाहीये.”

मॅनेजरबाई इतक्या हसल्या की पासवर्ड दोनदा चुकला.

मी पुन्हा निघालो. या वेळी हळू, एकेक पायरी बघत. चौदा तक्ते लावले, मोजले. माळा झाडला, फक्त माळा. मग हिरव्यात म्हणालो, ‘चौदापैकी चौदा बसले.’ ताईने नमुन्याचं पान मागितलं. आदळआपट धडधडली. ताईचं बोट पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेलं, तिसऱ्यावर गेलं, आणि तिने ते पान छातीशी धरलं. घड्याळात दोनला सात मिनिटं कमी होती.

पुढचे पावणेतीन तास आदळआपटने छत डोक्यावर घेतलं. ग्लास तीनदा खाली पडला. बांधणीवाला, कागदवाला, सगळे हाताशी आले. ताई मात्र एका जागी बसून प्रत्येक संच हातात घ्यायची, पानं मोजायची, शेवटचं पान उलटं करून त्याच्या मागच्या बाजूवर बोट फिरवायची, आणि मगच पाकिटात सोडायची. एकेचाळीस वेळा. होतंय म्हणाला, “ताई, पहिला बरोबर आला म्हणजे बाकीचेही तसेच येणार.” ती म्हणाली, “असतील.” आणि पुढचा उचलला. पाचला गाडी निघाली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वैतागला होता, पण पाकिटं मोजल्याशिवाय ताईने दार लावू दिलं नाही.

मंगळवारी एका शाळेतून फोन आला. एका मुलीला छापखान्यात कोणाशी तरी बोलायचं होतं. ताईने फोन घेतला. मुलगी तावातावाने म्हणाली, शेवटच्या पानावरचे प्रश्न फार कठीण होते, असले कोण काढतं? ताई फोन ठेवून दिवसभर गुणगुणत होती. कौतुकाचा फोन आला असता, तर इतकी खूश झाली नसती.

आता माझं बरं चाललंय. नव्या संगणकावर मला स्वतःचा फोल्डर आहे. थापा बंद झाल्यामुळे मजा थोडी कमी झाली, हे खोटं कशाला बोलू? आता मी कुरकुऱ्या झालोय. हे नाही, ते उघडत नाही, इथे परवानगी नाही, दिवसभर चालू. आणि कोणी छातीला हात लावत नाही. होतंयही बदलला. परवा मॅनेजरबाईंनी विचारलं, “झालं का?” तो म्हणाला, “नाही. तिसऱ्या ओळीला अडलंय.” बाई म्हणाल्या, “बरं.” बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही. रजेचा अर्ज मात्र त्याने परत लिहिला आणि या वेळी कागदावर लिहिला. माझ्यावरचा विश्वास म्हणा!

बाबांनो, एवढंच मागणं आहे तुमच्या या म्हाताऱ्या टवाळाचं. तुमच्या घरात, कचेरीत कोणी कुरकुरत असेल, सून असो की शिपाई असो की यंत्र असो, तर ते काय म्हणतंय तेवढं ऐकून घ्या. आणि कोणी फार गोड हिरवं हसून ‘झालं’ म्हणालं, तर जरा पानं मोजा.

फोरमनकाका दर शुक्रवारी येतात. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर चष्मा. येऊन मला उघडतात, चाळीसच्या चाळीस ओळी वाचतात, आणि प्रत्येक शुक्रवारी ताईशी तेच भांडण काढतात. परवाचंही तेच.

“माझं एवढं गोड बोलणारं पोर, तू त्याला भांडखोर करून टाकलंस.”

“खरं बोलायला शिकवलं काका.”

“शिकवलं म्हणे! तेरा वर्षांत त्याच्याबद्दल एक तक्रार नव्हती.”

“कशी असेल? सगळ्या खड्ड्यात होत्या.”

काका हसले, पण हार मानणाऱ्यातले नव्हेत. खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला. “ते सगळं मान्य. पण पोरी, खरं सांग. काम संपल्यावर कोणी ‘झालं, सगळं नीट झालं’ म्हटलं, की माणसाला बरं वाटतं की नाही?”

ताईचं बोट प्रुफावर चालू होतं, ते थांबलं नाही.

“मला परीक्षेतसुद्धा बरंच वाटलं होतं काका. मागचं पान वाचायचं राहिलं होतं, एवढंच.”